चंदेरी काचा आणि भाऊरावकाकांचा दुसरा सूर्योदय

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे आमच्या घरी उष्णतेबद्दल मला कुणी काही विचारत नसे.

नागपुरात वरच्या मजल्यावर पश्चिमेला तिन्ही बाजूंनी काचा असलेली खोली बांधणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर मी. ती खोली हिवाळ्यात फार शोभून दिसे. मे महिन्यात तिथे ठेवलेली मेणबत्ती दुपारी आडवी होई.

आणि नेमक्या त्याच खोलीत सासूबाई राहायला येणार होत्या. त्यांच्या एका डोळ्याने आधीच काम सोडलं होतं आणि दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. जाड भिंगाचा चष्मा मिळेपर्यंत अंधूक, थंड जागा हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खाली चुलीचा धूर. बायकोने, म्हणजे सुमनने, मला शांतपणे सांगितलं, "आईले इथं ऊन लागलं तं ती गावी, कुहीले परत जाईन. तिथं डोळा बिघडला तं पाहाले कोण आहे?"

सदर बाजारात एक दुकानदार मोटारींच्या काचांवर चंदेरी फिल्म लावून देई. मी त्याला वीसेक प्रश्न विचारले. फिल्म कशाची, थर किती, साबणाचं पाणी कोणतं. तो कंटाळून म्हणाला, "मास्टरजी, गरमी अंदर नहीं आएगी, बस." मग ती जाईल कुठे, हे मात्र मी विचारलं नाही. (हा प्रश्न मी नववीच्या परीक्षेत दरवर्षी घालत असे!)

फिल्म मीच चिकटवली. चार बुडबुडे राहिले, पण शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या थर्मामीटरचा पारा सहा अंशांनी उतरला. सासूबाई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून तिथे ढाराढूर झोपू लागल्या. मी येणाऱ्याजाणाऱ्याला थर्मामीटर दाखवू लागलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या घरातले भाऊरावकाका डोक्याला ओला पंचा गुंडाळून आले. दुपारी त्यांच्या ओसरीवर दाट सावली असे आणि तीन ते पाच तिथे बाजेवर झोपणं हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता.

"मास्तर, मले एक सांगा," ते म्हणाले, "चार वाजता सूर्य पूर्वेकडून काहून उगवून राहिला?"

काकांना ऊन लागलं, अशी माझी खात्री झाली. मी त्यांना कैरीचं पन्हं पाजलं, पृथ्वी कशी फिरते ते समजावलं आणि हाताला धरून घरी पोचवायला गेलो. ओसरीवर पाय ठेवला आणि वर पाहिलं. माझी खोली भर दुपारी पेटल्यासारखी लखलखत होती! मी धावत जाऊन थर्मामीटर आणला. पारा सावलीपेक्षा बरोबर सहा अंश वर!

"काका, जुळलं!" मी आनंदाने ओरडलो. काकांना तो आनंद दिसला नाही. त्यांना फिल्म काढून हवी होती, आजच्या आज.

मी शिडी घेऊन निघालो, तर काकूंनीच मला अडवलं. त्यांच्या कुरडया त्या ओसरीवर एका दिवसात खडखडीत वाळल्या होत्या. वर छप्पर, त्यामुळे कावळ्यांचा उपद्रव नाही. गल्लीतल्या बायकांनीही आपापल्या बाजा आणून ठेवल्या होत्या. शेवटी तोड निघाली ती अशी: भाऊरावकाकांनी दुपारी आमच्या बैठकीत माझ्या खाटेवर झोपायचं, आणि उन्हाचा पट्टा सरकेल तशा कुरडयांच्या बाजा सरकवायला ओसरीवर मी बसायचं. शाळेला सुट्टीच होती.

महिन्याने चष्मा आला. सासूबाईंनी तो त्याच खोलीत, भर दुपारी बारा वाजता, देवाचं नाव घेऊन लावला आणि काचेतून बाहेर पाहिलं.

"सुमन," त्या हळूच म्हणाल्या, "दिवस बुडाला का वं?"

सुमन रडायलाच लागली. या बाईंचा डोळा आपल्या घरात गेला, एवढंच मला सुचत होतं. फिल्ममुळे बाहेरचं जग काचेतून करडं दिसतं हे महिनाभर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण बाहेर पाहणारं तिथे कुणी नव्हतंच. ते लक्षात आलं तेव्हा आम्ही दोघांनी त्यांना धरून जिना उतरवला आणि गल्लीत आणलं. त्यांनी आकाश पाहिलं, काकूंच्या बाजा पाहिल्या आणि मग मला नखशिखान्त न्याहाळलं.

"डोळा झ्याक झाला वं माहा," त्या म्हणाल्या. "पण जावई काहून असे करपले?"

सुमनने डोळे पुसून महिन्याभरात प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं.

"खरंच वं आई," ती म्हणाली, "माह्या तं ध्यानातच नाही आलं."

आणि तिचे दोन्ही डोळे पहिल्यापासून उत्तम होते!