सातव्या रकान्यातलं शून्य

कामावर निघताना मी तीन याद्या करते. न्यायच्या वस्तू, करायची कामं, विचारायचे प्रश्न. बोर्ली पंचतनच्या पुढे समुद्राकडे उतरणाऱ्या त्या गावात गेले तेव्हा तिन्ही याद्या चोख होत्या. चूक मी तिथे पोचल्यावर केली.

काम सांगायला सोपं आहे. गावाच्या टोकाला, सुपारीच्या वाडीला लागून एक मोठा वड आहे. त्याच्यावर दिवसभर शेकडो वाघळं लटकलेली असतात. ती चरून परतायच्या आत झाडाखाली ताडपत्री अंथरायची, उजाडल्यावर तिच्यावरची विष्ठा आणि मूत्र हातमोजे घालून कुप्यांत भरायचं, क्रमांक टाकायचा, बर्फाच्या डब्यातून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथलं यंत्र त्या घाणीतले जनुकांचे तुकडे अक्षर अक्षर वाचतं, आणि त्यात कुठल्या विषाणूचे तुकडे आहेत ते कळतं.

मी ज्यांच्या माडीवर राहत होते त्या खालांना हे सांगितलं तेव्हा त्या कोकमाची सोलं चोळत बसल्या होत्या. खाला म्हणजे मावशी; सत्तरीच्या बाई, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगा कतारला, वडाखालची जमीन त्यांचीच.

"उष्ट्या ताटावरून कळतं ना, कोण काय जेवून गेलं? तसंच," मी म्हटलं.

"आन् ताट कोन धुतो?"

"मी फक्त पाठवते."

"म्हंजे सरकारी काम हाय," खाला म्हणाल्या.

आता त्या झाडाखालची रीत सांगायला हवी. वाघळं पिकलेल्या सुपारीची वरची साल चोखतात आणि आतली सुपारी खाली टाकतात. ती वेचणाऱ्याची, वाडीच्या मालकाची नाही. ज्यांच्या घरात कमावता पुरुष नाही अशा बायका पहाटे येऊन ती वेचतात. वेचताना कुणी कुणाला ओळख दाखवत नाही, हाक मारत नाही, आणि दिवसा त्याविषयी अवाक्षर काढत नाही. माझं माहेर चौलचं. आमच्याकडेही हेच. वेचणारी दिसली की मान फिरवायची, हे मला परकर नेसायच्या वयात आईने शिकवलं होतं.

त्या वडाखाली चौघी यायच्या. माझी ताडपत्री सोडून कडेकडेने वाकून वेचायच्या. मी रोज मान फिरवली. चौघींत एक खाला आहेत हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मुलगा पैसे पाठवायला लागला तरी त्यांनी वेचणं सोडलं नव्हतं. तासाभराने त्या मला घावणे वाढत होत्या आणि मी त्यांना पहिल्यांदाच बघत असल्यासारखी "सकाळ कशी?" विचारत होते.

आमच्या फॉर्ममध्ये सातवा रकाना होता: झाडाखाली रोज किती माणसं वावरतात? दुपारी ओसरीवर बसलेल्या पुरुषांना मी रीतसर विचारलं. कुणी नाही, म्हणाले. मी शून्य लिहिलं. ही रीत न जाणणारी एखादी मुलगी असती तर तिने डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं असतं, चार.

नवव्या दिवशी आमच्या साहेबांचा फोन आला. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण साहेब. "मॅडम, एक तुकडा मिळालाय. ज्या फॅमिलीतला आहे, तिच्यातले एक-दोन व्हायरस माणसांना आजारी पाडतात. आपला तो आहे की नुसता त्याचा लांबचा भाऊबंद, ते पूर्ण सीक्वेन्स झाल्यावर कळेल. दोन आठवडे. तोवर गावात एक शब्द नाही. लोक घाबरून झाड तोडतील, आणि वाघळं दहा गावांत पांगतील."

"हो."

"तुमच्या फॉर्मवर ह्यूमन कॉन्टॅक्ट झिरो आहे, म्हणून मी शांत आहे."

मी पुन्हा हो म्हटलं. फोन ठेवल्यावर यादी करायला वही उघडली आणि एकही ओळ सुचेना. शून्य खोडलं तर चौघींची नावं द्यावी लागणार, अधिकारी दारात येऊन विचारणार, जे गावाने कधी तोंडाने उच्चारलं नाही ते चव्हाट्यावर येणार. खोडलं नाही तर त्या ओल्या सुपाऱ्या हातांनी वेचत राहणार. पदराला पुसून दाताखाली धरून बघायची खालांना सवय होती. काम सोडून निघूनही जाता येत नव्हतं. रोजचे नमुने मीच घेत होते, बदली कुणी नव्हतं. माडीवरची ती खोली तेवढीच होती, पण त्या दिवसापासून मला तिच्यात दोन पावलं सरळ चालता येईना.

मग मला सुचला तो उपाय मी फार हुशारीचा समजले. दुसऱ्या पहाटे त्या यायच्या आधी गेले, हातमोजे घातले आणि झाडाखालच्या सगळ्या सुपाऱ्या स्वतः वेचून गोणीत भरल्या. चौघी आल्या, मोकळी जमीन पाहिली आणि गेल्या. रीत अशी की विचारायचीही सोय नाही. तीन दिवस हे चाललं. गोणी माझ्या खाटेखाली.

टोमणे मात्र रीतीत बसत होते. चौघींतली एक कोळीण होती, दारावर मासळी घेऊन यायची. माझ्याकडे न बघता खालांना म्हणाली, "खाला, चौलच्या वाड्या करपल्या काय गो? थयची मान्सं आता हय पोट भरायला येतान."

"पगारी मान्सांचं पोट मोठं," खाला म्हणाल्या आणि माझ्या ताटात बांगडा वाढला. त्या दिवशी डोक्याचा तुकडा आला. दुसऱ्या दिवशी शेपटीचा.

मी मान खाली घालून जेवत होते.

चौथ्या पहाटे गेले तर खाला माझ्याआधी येऊन उभ्या होत्या. एकट्या. वाघळं नुकतीच परतत होती, वरून टपटप सुपाऱ्या पडत होत्या. खालांनी एक उचलली, पदराला पुसली आणि माझ्याकडे सरळ बघत तोंडाकडे नेली.

"टाका ती!" मी ओरडले. त्या झाडाखाली आजवर कुणी एवढ्या मोठ्याने बोललं नसेल.

खालांनी टाकली नाही, पण हात थांबला. मग मी सगळं सांगितलं. तुकडा, दोन आठवडे, साहेबांची ताकीद, गोणी, आणि शेवटी शून्य.

त्यांनी पहिल्यांदा विषाणूबद्दल विचारलंच नाही. "शून्य म्हंजे? आमी चौघी रोज तुज्या फुड्यात वाकतो, आन् तू लिवलंस कोनीच न्हाय?"

"मान राखायला लिहिलं, खाला."

"मान राखलास. आन् मेलो असतो तर? कागदावर तर न्हायच होतो."

खालांनी सुपारी खाली टाकली, घरी गेल्या, साबणाने दोनदा हात धुतले आणि ओटीवर बसल्या. "लिव. माजं नाव पयलं. बाकीच्यांचं मी इचारून सांगते. इचारल्याबिगर लिवायचं न्हाय."

मी साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही?" एवढंच. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत इतकं कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चारही नावं आली. डॉक्टर आले, रक्त घेतलं, ताप मोजला. झाडाभोवती दोरी लागली आणि अर्थातच गावाला कळलं. कुऱ्हाड काढायची भाषा झाली. वड आपल्या जमिनीत आहे आणि आपण जिवंत आहोत, असं खालांनी ओटीवरूनच सांगितलं.

साहेबांच्या पहिल्या फोननंतर सतराव्या दिवशी पूर्ण वाचन आलं. लांबचा भाऊबंद निघाला, माणसात आजवर न सापडलेला. चौघींचं रक्तही स्वच्छ. हातमोजे घालून वेचायला आणि सुपारी धुऊन वापरायला हरकत नाही, असं साहेबांनी लेखी दिलं. मी हातमोज्यांचे चार जोड चार घरी दिले. दारं उघडली, जोड घेतले, आभारही मानले. दुसऱ्या पहाटे कुणी आलं नाही. तिसऱ्याही नाही. सगळ्या गावाने ज्यांचं नाव घेतलं, त्यांना आता न दिसता वाकायला जागाच उरली नव्हती.

चौथ्या दिवशी, उन्हं चांगली वर आल्यावर, जुम्म्याच्या नमाजाला माणसं रस्त्यावरून जात असताना खाला हातमोजे घालून, कमरेला टोपली लावून वडाखाली गेल्या. सगळ्यांदेखत वेचायला लागल्या. मी ताडपत्री धूत होते. सवयीने मान फिरवली.

"हकडं बघ," त्या ओरडल्या. "बघ, आन् ये."

मी गेले. आम्ही दोघींनी टोपली भरली. जाणारे-येणारे बघत होते, आणि खाला प्रत्येकाला नाव घेऊन सलाम करत होत्या. बाकीच्या तिघी त्या दिवशी आल्या नाहीत. मी होते तोवर आल्या नाहीत.