गेटवाल्या दादांची तीन दुखणी

लोखंडी फाटकं बनवणाऱ्या गेटवाल्या दादांचा हात असा, की लोखंडाला जोड कुठे दिलाय ते बोटालाही कळायचं नाही. पण चाळिशीही न गाठलेल्या या गड्याचे स्वतःचेच सांधे रुसले. डावा गुडघा टम्म सुजला, टाच टेकवेना, डोळे लालभडक.

डोळ्यांचं कुणालाच काही वाटलं नाही. वेल्डिंगच्या शेडमध्ये लाल डोळे कोण विचारतो? झळ लागली म्हणायचं आणि ओली पट्टी ठेवून पडायचं. गुडघा उकिडवं बसून धरला, हेही दादांनीच ठरवलं. लघवीला आग व्हायची, ती उष्णतेवर ढकलली. आतून मात्र धास्तावले होते. पाय आणि डोळे गेले तर काम गेलं, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

शेवटी बायकोने ओढतच दवाखान्यात नेलं.

"गुडघा दाखवायचाय," दादा म्हणाले.

"आणि हा काळा चष्मा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तो कामाचा आहे."

"काढा बघू."

डोळे नीट बघून बाई म्हणाल्या, "लघवीला आग होते?"

दादा छताकडे बघू लागले.

"होते," बायको म्हणाली. "इथे लाजतायत. घरी न्हाणीतून कण्हणं गल्लीत ऐकू जातं."

"त्याआधी पोट बिघडलं होतं?"

"चांगलंच. डबा गरम राहावा म्हणून वेल्डिंगच्या मशीनवर ठेवतात ना सगळे. अंड्याची भाजी दुपारपर्यंत आंबली. वास येत होता म्हणे, तरी चाटूनपुसून खाऊन आले."

"मग ही तीन दुखणी नाहीत, एकच आहे," बाई म्हणाल्या. "पोटातले जंतू गेले, पण त्यांच्याशी भांडायला उठलेलं शरीर अजून शांत झालेलं नाही. आता सांध्यांवर, डोळ्यांवर, लघवीच्या वाटेवर राग काढतंय. रक्त, लघवी तपासू. डोळ्यांच्या डॉक्टरांना मात्र आजच दाखवा, त्यात हयगय नको."

"काम सुटेल का हो?" दादांनी विचारलं.

"थोडे दिवस आराम. बहुतेकांचं काही महिन्यांत उतरतं."

दादांना हसू फुटलं.

"हसताय काय?" बाहेर आल्यावर बायकोने दटावलं.

"एकच निघालं गं. मी तिघांना घाबरून बसलो होतो."

येताना भर रस्त्यात बायकोचा आधार घ्यायला ते तयार नव्हते. आता तिच्या खांद्यावर खुशाल हात टाकून पायऱ्या उतरले. सगळंच बोलून झालं होतं, लाजायला काही उरलंच नव्हतं.