भागाक्का, मथुराबाई आणि मधली म्हैस

भागाक्का खोटं बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत. खरं काही सांगायची पाळी आली की मात्र त्यांची चुळबुळ सुरू होई. पदर सारखा करतील, काउंटरवरचे नट-बोल्ट चाचपतील, रस्त्यावरच्या कुत्र्याला उगाच हाड म्हणतील. हे ओळखायला मला बरीच वर्षं लागली. पहिल्यांदा त्या मुरुम गावातल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आल्या तेव्हा त्यांना सायकलची चेन हवी होती, जुनी असली तरी चालणार होती. घरात सायकल कोण चालवतं, असं मी सहज विचारलं. "म्हैस," माझ्याकडं रोखून बघत त्या म्हणाल्या. मी मुकाट्यानं चेन काढून दिली.

त्या चेनचं पुढं जे झालं त्यावर आता सिनेमा निघाला आहे. काढणीला आलेली करडई ज्यानं हातानं काढली त्याला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. ते पीक म्हणजे नुसते काटे. दंवानं काटे जरा मऊ पडतात म्हणून बायका सकाळी लवकर रानात जातात, हातापायांना चिंध्या गुंडाळतात, आणि तरी संध्याकाळी सुई घेऊन एकमेकींचे काटे काढत बसतात. भागाक्कांनी सायकलची दोन चाकं, ती चेन, कातरीसारखं हलणारं पातं आणि मागं गोणपाटाची झोळी असा एक गाडा जमवला. तो ढकलत न्यायचा. करडई कापली जाऊन झोळीत पडते आणि हात काट्यांपासून लांब राहतात. आधी शेजारच्या गावांतली माणसं बघायला आली, त्यांच्यामागं पत्रकार आले, मग एक पुरस्कारही मिळाला.

हे सुचलं कसं, या प्रश्नाला अक्कांकडं उत्तरांचा तोटा नव्हता. एका पत्रकाराला त्यांनी सांगितलं, स्वप्नात देवी आली आणि तिनं नकाशा काढून दिला. दुसऱ्याला सांगितलं, न्हाव्याची कातर बघून सुचलं. तिसऱ्याला म्हणाल्या, नवऱ्यानं पैज लावली होती. नवरा त्याआधी कितीतरी वर्षं वारला होता. प्रत्येकाला शेवटी आवाज बारीक करून सांगायच्या, "हे तुमालाच सांगितलं बरं का. छापू नका." ते हमखास छापून यायचं. मग कात्रण माझ्या काउंटरवर पसरून त्या म्हणायच्या, "मल्लू, वाच बरं. काय काय केलं म्या, ते मलाबी कळू दे."

खरी गोष्ट गावात मला एकट्याला माहीत होती, कारण मी दोन्ही बाजूंचा दुकानदार. दुसरी बाजू म्हणजे अक्कांची धाकटी जाऊ, मथुराबाई. एकाच घराचे मधे भिंत घालून दोन भाग झाले होते, आणि वाटणी करणाऱ्या पंचांनी कुणाला कमी-जास्त नको म्हणून अक्कांना पाटा दिला आणि मथुराबाईंना वरवंटा. त्यावरून जो अबोला सुरू झाला तो वर्षानुवर्षं चालला. दोघी चटणी दगडावर दगड घासून वाटत, पण एकमेकींकडं मागायला जात नसत. अगदीच काही सांगायचं असलं तर ते म्हशीला सांगायचं. म्हैस दोघींच्या सामायिक मालकीची, दोन्ही अंगणांच्या मधे दावणीला बांधलेली असे. "गंगे, उद्या लाईनमन येणार हाय म्हणं, घरी ऱ्हावा म्हणावं," असं इकडून म्हशीला सांगितलं की तिकडचं माणूस घरी थांबायचं.

अक्कांचा गाडा पहिल्यांदा चालेचना. करडईच्या वाळक्या काड्या चेनमध्ये गुंतायच्या आणि गाडा जागच्या जागी रुतून बसायचा. वैतागून अक्कांनी तो दावणीजवळ टाकून दिला. दोन दिवसांनी मथुराबाई दुकानात आल्या. त्यांनी रिव्हेट आणि पत्रा कापायची कात्री घेतली, कशाला ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चेनवर तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून बसवलेला होता, काडी आत जाणार नाही असा. अक्कांनी तो पाहिला, हलवून पाहिला आणि म्हशीला म्हणाल्या, "बसवलाय बरा, पण एका बाजूनं ढिला हाय गं." दुसऱ्या सकाळी तो घट्ट झाला होता. मग पातं किती वर घ्यायचं, झोळी कुठं बांधायची, हे सगळं म्हशीच्या साक्षीनं ठरत गेलं. गाडा पूर्ण झाला तरी दोघींत एका शब्दाचं बोलणं नव्हतं. पुरस्कार घ्यायला अक्का एकट्या गेल्या. मथुराबाई त्या दिवशी दार लावून घरात बसल्या होत्या.

सिनेमा करायला पुण्याहून गार्गीमॅडम आल्या. बाई तरुण, हुशार, आणि ऐकून घेणाऱ्या. स्थानिक व्यवस्था बघायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. अक्कांच्या आयुष्यावर बेतलेली, पण स्वतंत्र कथा करायची, असं ठरलं होतं. त्या अक्कांच्या ओसरीवर बसून प्रश्न विचारत आणि अक्का डोळ्यांत डोळे घालून उत्तरं देत.

त्याच सुमारास मथुराबाईंच्या मुलानं त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. त्यांच्या रानात शेवटची करडई उभी होती, ती निघाली की निघायचं. हे अक्कांना मीच सांगितलं. त्यांनी वॉशरच्या डब्यात हात घातला आणि वॉशर उगाच खालीवर करत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "न बोलता गेली तर काय खरं न्हाय, मल्लू. मग म्या कुणाशी बोलत न्हाय, ते तरी कुणाला सांगू?" मी म्हणालो, "अक्का, तुम्हीच जाऊन बोला की." तशा त्या ताठ झाल्या. "थोरली मी. आधी म्या बोलू व्हय?" आणि बाहेरच्या कुत्र्याला हाड म्हणून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी मॅडमना जावेच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. जाऊ कशी जळायची, कसे बोल्ट लपवून ठेवायची, चाकातली हवा कशी सोडायची. मॅडमची लेखणी थांबेना. आतापर्यंत त्यांच्या कथेत खलनायिकेची जागा मोकळी होती. शेवटी अक्का म्हणाल्या, "चेनवरचा पत्रा म्या बसवला, आन् तिनं उपटून टाकला." मी चहाचा कप घेऊन तिथंच उभा होतो. मॅडम आत गेल्यावर म्हणालो, "अक्का, पत्रा तर मथुराकाकूंनीच..." अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुला कुणी विचारलं का? न्हाय ना? मग च्या पी." तेव्हाच अक्कांचा डाव माझ्या लक्षात यायला हवा होता. त्या वर्षी स्वतःच्या वाट्यात त्यांनी हरभरा पेरला होता, आणि शूटिंगला करडई हवी असल्यानं ते मथुराबाईंच्या रानात होणार होतं.

शूटिंगच्या दिवशी गावातल्या बायका हाताला चिंध्या बांधून मागं उभ्या होत्या. मथुराबाई त्यांच्यात नव्हत्या. आपलं पीक कुणी तुडवू नये म्हणून त्या काठी घेऊन बांधावर उभ्या होत्या. अक्का कॅमेऱ्याशेजारी खुर्चीत बसल्या होत्या, नवं इरकल नेसून. सिनेमात जाऊ झालेली नटी इकडंतिकडं बघत अक्कांच्या गाड्याजवळ आली, तिनं पत्रा उपटला आणि लांब फेकून दिला.

पत्रा बांधाशी जाऊन पडला. मथुराबाईंनी तो उचलला, पदरानं पुसला आणि सरळ करडईतून चालत निघाल्या. आपलंच पीक तुडवतोय याचंही त्यांना भान नव्हतं. नटीला मागं टाकून, कॅमेऱ्यासमोरून त्या अक्कांच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, ह्यो पत्रा कुणी बसवला व्हता? सांगा ह्यास्नी. माझ्या घरच्या डब्याचा व्हता का न्हाय? एवढं खोटं बोलायला लाज न्हाय वाटत तुमाला?" एवढ्या रागातही त्यांचं 'तुमाला' सुटलं नव्हतं.

अक्का पहिल्यांदा खाली बघायला लागल्या. इरकलचा पदर त्यांनी सारखा केला, मग पुन्हा केला. "तूच बसवलास," त्या म्हणाल्या. "पर एका बाजूनं ढिला बसवलास."

"ढिला? घट्ट कुणी केला मग? तुमी का तुमच्या म्हशीनं?"

"माझी म्हैस? सामायिक हाय ती."

इथून जे भांडण लागलं त्यात पाटा आला, वरवंटा आला, सासूच्या पाटल्या आल्या, कुणाच्या तरी बारशातलं कमी पडलेलं जेवण आलं. इतक्या वर्षांचा माल साठला होता, तो एका दमात कसा संपणार? आवाज मुद्रित करणारा मुलगा मॅडमकडं बघत होता. मॅडमनी हातानंच त्याला चालू ठेव म्हणून खुणावलं. जेवणं थंड झाली. मला मात्र अक्कांच्या चेहऱ्यावरून नजर काढवेना. शिव्या खाताना इतकं सुखात बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. एका जावेनं आपल्याशी बोलावं म्हणून ही बाई सगळ्या गावादेखत खोटारडी ठरायला तयार झाली होती. मला त्यांचा त्या क्षणी फार अभिमान वाटला.

गार्गीमॅडम एक दिवस अक्कांशी बोलल्या नाहीत, जे त्यांच्या बाजूनं बरोबरच होतं. मग त्यांनी मथुराबाईंना समोर बसवून सगळं पहिल्यापासून ऐकलं, झालेलं काम बाजूला टाकलं आणि मला एक गरीब स्वभावाची म्हैस शोधायला सांगितली. सिनेमात आता नायिका दोन झाल्या. अक्का कुरकुरल्या, "निम्मा पिच्चर नेला की गं माझा." पण हे त्या मथुराबाईंच्या तोंडावर म्हणाल्या, मधे म्हैस न घेता.

करडई निघाली आणि मथुराबाई ठरल्याप्रमाणे पुण्याला गेल्या. त्यानंतर अक्का रोज माझ्या दुकानात येऊन माझ्या फोनवरून त्यांच्याशी भांडायच्या, कारण घरी रेंज येत नाही असं त्या म्हणत. त्यांच्या अंगणात चांगली रेंज येते. त्यांना ऐकायला माणूस हवं असायचं, आणि गिऱ्हाइकांनाही ते आवडायचं. सिनेमा पूर्ण व्हायच्या आत, साध्या तापाचं निमित्त होऊन अक्का गेल्या. मथुराबाई आल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांना शेवटचं बघताही आलं नाही.

सिनेमा जवळच्या उमरग्याला लागला तेव्हा त्या पुन्हा आल्या. मी त्यांना घेऊन गेलो. पडद्यावर अक्का झालेली नटी दिसली आणि मथुराबाई सावरून बसल्या. नटी चांदण्यात एकटी रडत होती. "अक्का, कधी रडला व्हता तुमी?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "उगं आपलं काईबी." पुढं नटी हसली तर म्हणाल्या, "हां, हे खरं. अशाच हसायच्या तुमी, दुसऱ्याची खोड काढून." थिएटरात खसखस पिकली. काही वेळानं पुढच्या रांगेतला एक जण मागं वळला. "आजी, जरा गप बसा की."

"लई वर्सं बसले, बाबा," मथुराबाई म्हणाल्या. "आता न्हाय व्हायचं." आणि पडद्यावरच्या अक्कांशी त्यांचं बोलणं सिनेमा संपून दिवे लागले तरी चालूच होतं.