मामांची तहानलेली वांगी

तहानलेल्याला पाणी पाजणारे पुण्यवान जगात पुष्कळ भेटतील, पण तहानलेल्यासमोर खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन समाधानाने बसणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला! तहानलेली असायची ती वांग्याची रोपं. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत दोन रांगा होत्या, दोन्ही एकाच वांग्याच्या बियांपासून वाढवलेल्या. तीन पिढ्या डावीचे लाड झाले होते आणि उजवीला प्रत्येक पिढीत मुद्दाम उपास घडला होता. मामी चिखलीकडच्या जुन्या घरातल्या. त्या म्हणायच्या, "मला येळेवर जेवाया मिळतंय, हेच लई. रोपांचं काय खरं न्हाई."

मामांची उभी हयात एका कंपनीच्या हीट ट्रीटमेंट खात्यात, भट्टीपुढे गेली. तिथे मालाच्या प्रत्येक बॅचला तपासणीचं कार्ड लागे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वस्तूला कार्ड लटकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मामींच्या लोणच्याच्या बरणीवर 'होल्ड. मुरणं बाकी' असं कार्ड होतं. आमच्या लेकीच्या बारशाला तर त्यांनी पाळण्याला 'तपासलं. पास' असं कार्ड बांधलं आणि खाली सही ठोकली. सासूबाई आठवडाभर धुमसत होत्या.

वांग्यांचं वेडही भट्टीतूनच आलेलं. "जावईबापू, पोलाद तेच असतं. त्याला तापवलं कसं, निववलं कसं, यावर त्याचा स्वभाव ठरतो. बियाचंही तसंच. आतली जनुकांची अक्षरं तीच राहतात, पण कुठलं मोठ्याने वाचायचं नि कुठलं गिळायचं, याच्या खुणा दुष्काळात बदलतात. आणि कधी कधी त्या पोरांपर्यंत जातात. मग दुसऱ्या वाणाशी संकर न करताही घरच्याच बियातून काटक वाण निवडता येईल की नाही?" त्या 'कधी कधी'वर त्यांचं सगळं म्हातारपण टांगलेलं होतं.

चौथ्या पिढीची परीक्षा ठरली. दोन्ही रांगांचं पाणी एकदम बंद करायचं आणि मान आधी कोण टाकतं ते बघायचं. नेमकं तेव्हाच मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. गच्चीची किल्ली माझ्या हाती देत ते म्हणाले, "फक्त बघायचं. हात लावायचा नाही." मी आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी दुपारी वर गेलो, तर पानं चिंध्यांसारखी लोंबत होती. आमच्याकडे दारात आलेल्या कुत्र्यालाही पाणी ठेवतात हो! माझ्याच्याने राहवलं नाही. पाइप लावला आणि दोन्ही रांगा चिंब केल्या.

डोळ्यावर काळा चष्मा चढवून मामा वर आले. डब्यांतली ओल त्यांनी बोटाने चाचपली.

"आधी कोण पडलं?"

"मामा, मी... बघितलंच नाही."

वाटलं, आता माझी बिनपाण्याने होणार. पण ते खाली बसले, कार्ड काढलं आणि शांतपणे लिहिलं : 'बॅच रिजेक्ट. कारण : माया.' एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर मामांचे गुडघे गेले आणि गच्चीचा जिना सुटला. एक दिवस त्यांनी राखून ठेवलेल्या, दोन्ही रांगांच्या बियांच्या दोन बाटल्या माझ्या हातात दिल्या. "मला आता किती हंगाम मिळतील, राव? तुम्हीच करा." ज्याने घोळ घातला त्याच्याच हाती त्यांनी चार वर्षांची मेहनत सोपवली.

यंदा माझ्या काळेवाडीच्या गॅलरीत तेच डबे आहेत, आणि समोर खुर्चीत वही घेऊन मी. बायको कपाळाला हात लावते. मामांचा रोज फोन असतो, "पडली का?" परवा, पाणी बंद केल्याच्या अकराव्या दिवशी, लाडांची डावी रांग पार झोपली. उजवी कोमेजली होती, पण उभी होती. मी तसं सांगितलं.

"एका खेपेने काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "कार्डावर सगळं लिहिलंत?"

"लिहिलं. सहीसुद्धा केली."

"मग आता पाणी घाला, जावईबापू. दोन्ही रांगांना घाला. मी फोन चालूच ठेवतो, मला ऐकू द्या."