फाटकावरची शेवटची राखण

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी टॉर्मोड मॅकस्कोरी कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून फावड्याने काळी माती वर फेकत होता. वय चौसष्ट. वडिलांनंतर कुळाच्या कबरस्तानात तोच खणतो. हा खड्डा त्याच्या थोरल्या भावाचा, रुअरीचा. शेजारचा हातभर खड्डा कॅनडात वारलेल्या एफी मॅकस्कोरीच्या राखेसाठी.

समुद्र कडा खात चालला म्हणून कौन्सिलने कबरस्तान कायमचं बंद करायचं ठरवलं होतं. या दोघांनंतर कुणी नाही.

आमच्या दरीत शेवटी पुरलेला माणूस पुढचं प्रेत येईपर्यंत फाटकावर राखण करतो. तोवर त्याला विसावा नाही. एका दिवशी दोन प्रेतं आली, तर आधी आत शिरण्यासाठी खांदेकऱ्यांनी डोकी फोडलेली आहेत. आता तर पुढचं प्रेत येणारच नव्हतं; शेवटच्याची राखण कधीच सुटणार नव्हती.

रुअरीची बायको पेगी चहा घेऊन आली.

"भाऊजी, स्वतःच्या लग्नालाही उशिरा आला होता तुमचा भाऊ. आज तरी त्याला आधी आत घ्या."

"खांद्यावरून यायचाय तो, वहिनी. दर वळणाला खांदेकरी बदलणार, दर वळणाला व्हिस्कीचा घोट."

"फाटक तुमच्या हातात आहे."

अकराला एफीची मुलगी लोरेन राखेची पेटी छातीशी धरून आली. रुअरीची शवपेटी अजून पुलापलीकडे होती. टॉर्मोड फाटकात आडवा उभा राहिला.

"काका, आपलं कूळ आलं कुठून? आई शेवटपर्यंत विचारत होती."

एरवी तो हे पाच मिनिटांत उरकतो. त्या दिवशी पाऊण तास लावला.

"आयर्लंडहून एकजण नावेतून आला. बरोबर तीन गाई. इथल्या मालकाला मारून त्याने दरी घेतली, त्याच्याच पोरीशी लग्न केलं. आपण सगळे त्या दोघांचे."

"सुरुवातच खुनाने?"

"शेवट तरी कुठे बरा आहे, बाई!"

मग त्याने सोळा पिढ्यांची नावं घेतली. कुळाच्या नायकानेच मेंढ्या पाळायला आपल्या माणसांची घरं जाळली, हेही सांगितलं. शवपेटी अजून चढावर होती. म्हणून आणखी सांगितलं, की एफीची पणजी तीन दिवस याच फाटकाबाहेर पावसात बसून होती. नंतर तिला कॅनडाच्या जहाजावर चढवलं.

बोलता बोलता तो थांबला. लोरेन रडत होती.

खांदेकरी पोचले. टॉर्मोडने फाटक उघडलं आणि त्यांना हात केला. लोरेनला राखणीचं काही ठाऊक नव्हतं. मानाची रीत समजून ती स्वतःच बाजूला सरली आणि मान झुकवली. रुअरी आत गेला. पेगीने टॉर्मोडकडे पाहिलं नाही.

राख पुरल्यावर लोरेनने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आईला घरी आणलंत तुम्ही."

टॉर्मोडने फावडं पुसलं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता कौन्सिलचा माणूस फाटकाला नवं कुलूप लावायला येणार आहे. जुनी किल्ली टॉर्मोडने त्याच्याकडे द्यायची आहे.