दोन ट्यूबांचं एक मलम

गुडघेदुखीच्या मलमाची चाचणी होती. निम्म्या बायांना औषधाचं मलम, निम्म्यांना तसाच वास नि तसाच रंग असलेलं, पण आत औषध नसलेलं. कोणाला कोणतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नाही; ट्यूबांवर नुसते आकडे होते. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. चिठ्ठ्या टाकून वाटणी ठरवणं आणि शेवटी हिशेब मांडणं माझ्याकडे होतं.

पोखर्णीच्या अलीकडे एका वस्तीवर दोघी जावा शेळ्या राखतात. दोघीही चाचणीत होत्या. दुखणं दहापैकी किती, असं विचारलं की थोरली आण्यात सांगायची.

"बारा आण्याचं चार आण्यावर आलं, सर. आता झोप लागायलीय."

"लागायलीय म्हंजे? घोरायलीय," धाकटी म्हणाली. "माजीच गेली."

मी ट्यूबा मागितल्या. थोरलीनं स्टीलची डबी आणली. दोन्ही ट्यूबा तिच्यात पिळून कालवल्या होत्या.

"एका चुलीवर खातो आमी. मलमच येगळं कसं लावावं? हिला गुण आला न्हाई तर म्हणंल, चांगलं तू घेतलं."

मला हसू आलं नाही. चिठ्ठी घरागणिक टाकायची, तर मी माणसागणिक टाकली होती. एकीला औषधाचं नि दुसरीला बिनऔषधाचं आलं असेल, तर आता दोघींना निम्मं निम्मं लागत होतं. याच जिल्ह्यात, अशाच घरात वाढलो, तरी सुचलं नाही. नंतर राणीसावरगावातही तेच निघालं.

शेवटी दोन्ही गटांचं दुखणं उतरलेलं दिसलं. दोघांतला फरक इतका थोडा, की तो नुसत्या योगायोगानंही पडला असता. कालवाकालवीचं मी चाचणी चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी अहवालात ते एका ओळीत घातलं. सगळ्यात वर मात्र लिहिलं, गुण सिद्ध झाला नाही. मलम बंद झालं.

ते सांगायला मीच गेलो. थोरली गुडघ्यावर हात दाबून उठली.

"मंग माजं कमी झालं ते खोटं का?"

"खोटं नाही, बाई. मलमानं झालं की आपोआप, ते मला ओळखता आलं नाही. चूक माझ्या वाटणीत होती."

"परत करा की मंग."

"केलं तर दोघींना एकच मलम येईल. ते बिनऔषधाचंही असू शकतं."

"असू द्या. दोघींना एकच पायजे." मग तिनं विचारलं, "कवा?"

तिनं ती स्टीलची डबी उघडली. डबीच्या कडेला थोडं चिकटलेलं होतं. ते तिनं बोटानं खरवडलं, निम्मं धाकटीच्या बोटावर पुसलं, आणि लंगडत शेळ्यांमागं गेली.