दात बघणारा

१९७६ सालचा पौषातला मंगळवार. खिशात पाच रुपये, सोबत पत्नी आणि चौदा वर्षांचा आमचा कुत्रा काळ्या. तीन दिवस त्याने भाकरीला तोंड लावलं नव्हतं. सुई देऊन त्याची सुटका करावी, असं मी ठरवलं होतं.

बाळापूरच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरला मी आठ वर्षं ओळखत होतो, पण नाव कधी विचारलं नाही. तो आधी जनावराचे दात बघायचा. म्हातारं निघालं की त्याला 'तुमी' म्हणायचा. मालकाला मात्र 'तू', मग तो सरपंच का असेना.

"काहून आणलं यांना?"

"खाईना झालाय. डॉक्टरांना सांगून शेवटची सुई द्यायची."

त्याने काळ्याचा जबडा उघडला. "यांना दाढाच न्हाईत अन् तू वाळली भाकर देऊन राहिला! बापाला अशीच देशील का?"

"मी हेच म्हणत होते," पत्नी म्हणाली.

त्याने समोरच्या हॉटेलातून पावशेर दूध मागवलं, थाळीत ओतून आपल्या डब्यातली भाकरी त्यात कुस्करली आणि काळ्याजवळ जमिनीवर बसला. "घ्या, सावकाश. घाई न्हाई."

काळ्याने थाळी चाटून लख्ख केली.

"बोल, डॉक्टरसायबाला काय सांगू?"

मी काळ्याला उचलून घेतलं. ड्रेसरपुढे एक रुपया धरला, तर त्याने हॉटेलकडे बोट दाखवलं. दुधाचे चाळीस पैसे मी हॉटेलवाल्याला दिले.